गोठ्यातलं पेव

लेवीचा गिरदावर, वसुलीचा सरकारी तपासनीस, वेशीतून आत आला की गाव घटकाभरात गरीब होऊन जायचं. काल गूळतुपाच्या पोळ्या हाणलेला माणूस आज ओसरीवर शिळी भाकरी कुस्करत बसायचा. बायका रिकाम्या कणगीत मुद्दाम सूप आपटायच्या. बाहेर आवाज जावा, घरात दाणा नाही हे सरकारला कळावं. ढोकीपासून दोन कोसांवरच्या या गावाला सोंग घ्यायला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

लढाई लागल्यापासून निजाम सरकारनं लेवी बसवली होती. शेतसारा वेगळाच. त्यावर पिकलेल्या जोंधळ्यातला ठरवून दिलेला हिस्सा प्रत्येक शेतकऱ्यानं सरकारी गोदामात नेऊन घालायचा. भाव सरकार देईल तो, म्हणजे बाजाराच्या निम्मा. हे धान्य शहरातल्या रेशनला जातं असं सरकार म्हणायचं. गाव म्हणायचं, उंदीर खातात, नाहीतर अंमलदार खातात. खरं कुणी बघून आलं नव्हतं, आणि बघायची कुणाला गरजही नव्हती. उंदीर खातात म्हटलं की आपला जोंधळा दडवायला मन मोकळं होतं.

बब्रुवान पाटलाची दोनशे एकर जमीन पटवाऱ्याच्या कागदावर सालोसाल पडीक. त्या पडीक जमिनीत जोंधळा पुरुषभर उंच उभा असायचा. ते दिसायचं सगळ्यांना. मग चाळीस एकरवाला म्हणायचा, मीच का घालू? त्याच्याकडं बघून वीसवाला, वीसवाल्याकडं बघून दहावाला. असं करत लेवी खाली खाली घसरत जायची आणि ज्याच्या घरात दडवायला कोपरासुद्धा नाही त्याच्या उंबऱ्यात जाऊन बसायची. तिथं मग पायलीसुद्धा सुटायची नाही.

हणमंतप्पा चाळीस एकरवाला. जातीनं लिंगायत, सकाळी लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारा. मोजून बोलणारा आणि बोललेलं मोडत नाही अशी ख्याती असलेला. पहिली दोन सालं त्यानं लेवी चोख घातली होती. तिसऱ्या साली चावडीत सगळ्यांदेखत पाटील म्हणाला, हणमंतप्पाकडं लई दिसतंय बाबा, त्याच्यावर चार पोती वाढवा. चावडी खोखो हसली. पटवाऱ्यानं हसत हसत चार पोती वाढवली. त्या हसण्यानं हणमंतप्पाला चोरी शिकवली. लोभ मागाहून आला. हद्दीपलीकडं इंग्रजी मुलखात बार्शीचा अडत्या कलदार, म्हणजे इंग्रजी चांदीचे, रुपये मोजत होता, आणि एकदा ते रुपये कनवटीला लागल्यावर पाटलानं आपला अपमान केला होता हे हणमंतप्पाला रोज आठवायला लागलं. आठवलं की बरं वाटायचं.

सेहेचाळीस साली त्यानं गोठ्यातलं जुनं पेव, जमिनीखालचं धान्याचं कोठार, उघडलं. गावातली बाकीची पेवं पांढरीत, गावठाणाच्या जमिनीत होती, सगळ्यांना माहीत असलेली. हे एक बापानं गव्हाणीखाली खणून ठेवलेलं. घड्यासारखं, तोंड माणूस मावेल एवढंच, पोट मोठं, दोन पुरुष खोल. त्यात बावीस पोती नवा जोंधळा ओतून त्यानं वर दगड ठेवला, चिखलानं लिंपला, त्यावर गव्हाण ओढली आणि बैल बांधला. लेवीला पाच पोती घातली आणि चावडीत सांगितलं, चिकट्यानं खाल्लं समदं.

पेवाची एक गोष्ट आहे, ती शहरातल्या माणसाला ठाऊक नसते. बंद पेवात दाणा राहिला की त्याची आत वाफ कोंडते. तिला ना रंग ना धूर. तोंड उघडल्या उघडल्या कुणी आत उतरलं तर दोन श्वासात खलास. म्हणून पेव उघडून दीड दिवस तसंच ठेवायचं, मग दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर अजून थांबायचं. रिकाम्या, उघड्या पडलेल्या पेवाला वाफ नसते. आणि या गावची रीत अशी, की उतरणारा माणूस तोंडाशी बसून मालकाला विचारणार, वाफ गेली का? मालकानंच उत्तर द्यायचं, दुसऱ्या कुणी नाही. दोर मालकाच्याच हातात राहायचा. भावाभावांत कुऱ्हाडी निघालेल्या या गावात, मेलेल्या बापाचे खोटे अंगठे उठवलेल्या या गावात, पेवाच्या तोंडाशी कुणी खोटं बोलल्याचं ऐकिवात नव्हतं.

उतरणारा गावात एकच, सिदू. धनगराचा. रोगानं मेंढरं मेली तेव्हापासून गावात मोलमजुरी करायचा. अंगानं काटकुळा, पेवाच्या तोंडातून सरळ जायचा. एका पेवाला एक पायली जोंधळा, ही त्याची उतरणावळ.

वैशाखात गिरदावर आला. नवा होता, औरंगाबादेकडचा, तोंडावर देवीचे व्रण. आधीचे चहापाणी घेऊन जायचे. ह्यानं चहा नको म्हटला आणि सरळ हणमंतप्पाचा गोठा विचारला. कुणी चुगली केली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक ज्याच्या दोन पायल्याही सुटल्या नव्हत्या अशा कुणीतरी केली असेल, आणि केली तर चूक काय केली?

गोठ्यात पाच-सातजण शिरले. गिरदावर, पटवारी, चपराशी, पाटील, शेजारचा महारुद्र, आणखी दोघं. बैल सोडला, गव्हाण सरकवली. चिखल दिसला. हणमंतप्पा म्हणाला, जुनं पेव हाय साहेब, बापाच्या वेळचं, पाझर लागला म्हणून सोडून दिलं, रिकामंच हाय. गिरदावर म्हणाला, खोल.

दगड निघाला. आतून आंबूस, कोमट वास वर आला, ताज्या धान्याचा.  बाकीचे दोन पावलं मागं सरले. हणमंतप्पाला वाटलं, साहेबाला जागा देत असतील.

गिरदावर वाकून बघायला लागला. आत काळोख. त्यानं चपराशाला कंदील आणायला सांगितलं.

आता कंदील सोडला की विझणार होता. विझला की आत दाणा आहे हे शेंबडं पोरगंही सांगू शकलं असतं. बावीस पोती जातील, वर दंड होईल, पटवाऱ्याची पाच पोत्यांची नोंद खोटी ठरेल. हणमंतप्पाला विचार करायला वेळ मिळाला नाही असं पुढं तो स्वतःला कितीतरी वेळा सांगणार होता. पण वेळ मिळाला होता. चपराशी कंदील आणायला दारापर्यंत गेला होता, तेवढा वेळ होता.

"कंदील कशाला साहेब," तो म्हणाला. "परवापास्नं उघडंच हाय. औंदा सारवून बघावं म्हणून काढलं होतं. सांजच्याला बैल पडंल म्हणून दगड ठिवला."

ओला चिखल कालचाच वाटेल असा होता. बैलाच्या मुतानं तो ओला राहत होता. साहेबाला ते कुठं कळणार, आणि तो वास तरी कुठं कळणार? गिरदावरानं मान हलवली. म्हणाला, ठीक आहे, एक माणूस उतरवा, तळ बघून येऊ दे.

सिदूला हाक गेली. तो पांढरीकडून खांद्यावर दोर टाकून आला, रोजचं काम असल्यासारखा. बगलेखालून दोर घेतला, गाठ ओढून बघितली आणि पेवाच्या तोंडाशी पाय सोडून बसला. गिरदावर मध्येच म्हणाला, "इसकी हवा निकली क्या, पूछो. आदमी को कुछ होना नै."

सिदू हसला. ते विचारायला त्याला साहेबाची गरज नव्हती. त्यानं वर बघितलं.

"आप्पा, वाफ गेली?"

दोर हणमंतप्पाच्या हातात होता.

"गेली," तो म्हणाला.

सिदू आत गेला. आधी डोकं दिसेनासं झालं, मग दोर धरलेली बोटं. दोर सरकत राहिला. दोन पुरुष खोल पेव. दोर हातभर आधीच थांबला. खाली पाय टेकले होते. तळावर नाही, दाण्यांवर. गोठ्यात एवढी माणसं होती, पण ते कळलं फक्त हणमंतप्पाला, त्याच्या तळहातात. त्याला वाटलं, सिदू आता वरडंल, आप्पा, दाणं हायत. दोर एकदा थरथरला. मग दोराला एक हिसका बसला, ओझं खाली पडलं आणि हलेना.

तेव्हा ओढायला पाहिजे होतं. त्यानं ओढलं नाही. किती वेळ? चार श्वास असतील, पाच असतील. त्या पाच श्वासांत त्याच्या मनात आलेला विचार त्यानं कधी कुणाला सांगितला नाही, पण तो आला होता. वर आला नाही तर सांगणार कोण?

मग तो बोंबलला, महारुद्र धावला, दोघांनी दोर ओढला. सिदू वर आला तो मेल्यासारखा. ओठ काळे, डोळे पांढरे, मान एका बाजूला. खाली तोंडावर पडला होता. गालाला, भुवयांना, मिशीला जोंधळा चिकटलेला. तोंड उघडं होतं आणि त्यातही जोंधळा.

हणमंतप्पानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याचं तोंड पुसायला लागला. घाईघाईनं, मायेनं पुसावं तसं. गालावरचे दाणे पुसले, भुवयांतले पुसले. मग बोट तोंडात घालून जिभेवरचे दाणे काढले, ओले, लाळेनं माखलेले, आणि मूठ मिटून घेतली. बघणाऱ्याला वाटलं, आप्पा त्याची दातखीळ उघडतोय. पाटील म्हणालासुद्धा, बघा कसा जीव तोडून करलालाय. गिरदावर घाबरून पाणी पाणी करत होता. हणमंतप्पानं मूठ धोतराच्या घोळात रिकामी केली आणि मग सिदूच्या छातीवर हात चोळायला लागला. आधी दाणे, मग छाती. हा क्रम त्याच्या हातानं आपल्या मनानं लावला होता.

पाण्याचे हबके मारले, वारा घातला. बऱ्याच वेळानं सिदूनं श्वास ओढला, भडभडून ओकला. ओकताना आणखी दोन दाणे आले, ते हणमंतप्पानं पायाखाली दाबले. गिरदावर उकिडवा बसला, सिदूच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्या वेळानं विचारलं, खाली काय आहे?

सिदूनं हणमंतप्पाकडं बघितलं. रागानं नाही. बाजारात बैलाचे दात बघतात तसं बघितलं.

"काय न्हाय साहेब," तो म्हणाला. "भुसा हाय. म्या उपाशी होतो, घेरी आली."

गिरदावरानं पेव रिकामं असल्याचं लिहून घेतलं. जाताना आपल्या खिशातून दोन रुपये काढून सिदूच्या हातात ठेवले आणि हणमंतप्पाला म्हणाला, तुझ्यासारखा मालक आहे म्हणून वाचला. हे त्यानं मनापासून म्हटलं. हणमंतप्पानं हात जोडले.

संध्याकाळी चावडीत कौतुक झालं. पाटलानं पाठीवर थाप मारली. म्हणाला, गावाची लाज राखलीस, सायबाला हात हालवत लावून दिलास. कुणी म्हणालं, सिदू बी इमानी निघाला. घरी इरम्मानं, हणमंतप्पाच्या बायकोनं, हुग्गी केली, गव्हाची गोड खीर. बावीस पोती वाचली होती. तो ताटावर बसला, एक घास तोंडात घेतला, आणि जिभेला गव्हाच्या दाण्याचा कण लागल्याबरोबर उठून परसात गेला. इरम्मा मागून आली. बाधलं का काय वो, म्हणाली. तो म्हणाला, व्हय, ऊन लागलं.

सिदू उठला, पण धड झाला नाही. हात कापायला लागले. पाण्याचा तांब्या धरला की अर्धा सांडायचा. उजेडात डोळे चोळायचा. आठ दिवस हणमंतप्पा त्याच्या वस्तीकडं फिरकला नाही. नवव्या दिवशी गड्याच्या डोक्यावर जोंधळ्याचं पोतं देऊन गेला. सिदूची बायको हरणाबाई दारात चूल फुंकत होती. तिनं पदर सावरला आणि त्याच्या पायावर डोकं ठेवलं. तुमी होतात म्हणून कुंकू राहिलं आप्पा, म्हणाली. म्हणजे सिदूनं तिलाही सांगितलं नव्हतं. हणमंतप्पाला पाय मागं घ्यायचं सुचलं नाही. तिचं कपाळ पायाला लागलं ते त्याला चटका बसल्यासारखं झालं.

सिदू बाभळीखाली बसला होता. हणमंतप्पा त्याच्यासमोर जमिनीवर बसला. असा तो कधी बसला नव्हता. गडी लांब गेल्यावर त्यानं विचारलं, तू खरं का न्हाय सांगितलंस?  मग तोच म्हणाला, तुझे उपकार फिटायचे न्हाईत, माझ्यासाठी तू…

"तुमच्यासाठी न्हाय, आप्पा," सिदू म्हणाला.

त्यानं थरथरणारे हात मांडीखाली दाबून धरले.

"म्या दाणं हायत म्हणलो असतो, तर सायबानं त्याच दिवशी पांढरीतली समदी पेवं खोलली असती. उतरवलं कुणाला असतं? मलाच. आन् हरेक मालक तुमच्यावानीच म्हणला असता, गेली. तुमच्या पेवातनं वर आलो, पाटलाच्या पेवातनं आलो असतो का?"

हणमंतप्पाला म्हणायचं होतं, नाही रे, सगळे तसे नाहीत, मीच एक तसा निघालो. त्यानं तोंड उघडलं. हे म्हणायला आपल्याकडं तोंड कुठं आहे, असं वाटून पुन्हा मिटलं. सिदूनं पोत्याकडं बोट दाखवलं. उतरलो त्याची एक पायली ठिवा, म्हणाला. बाकी न्या माघारी.

हरणाबाईनं पायली मोजून घेतली. तिला नवऱ्याचं डोकं फिरलं असंच वाटलं. पोतं ज्या डोक्यावरून आलं त्याच डोक्यावरून परत गेलं. पंधरा दिवसांत सिदूनं दारात झडपं लावून बिऱ्हाड हलवलं. ईट गावाच्या बाजूला हरणाबाईचा भाऊ धुळाप्पा मेंढरं राखायचा, त्याच्याकडं गेला.

मग हणमंतप्पानं एक गोष्ट केली. गावाच्या हिशेबात ती वेडेपणाची होती. पेव उघडून दोन दिवस ठेवलं, दिवा सोडला आणि गडीमाणसाला न सांगता स्वतः आत उतरला. दोर इरम्माच्या हातात दिला. उतरताना खांदे सोलले. आत दाण्यावर सिदूच्या तोंडाचा खळगा अजून तसाच होता. त्यावर पहिली पाटी मारताना त्याचा हात उचलेना. तीन दिवस तो बादलीनं जोंधळा वर देत राहिला. बावीसची बावीस पोती गाडीत घालून त्यानं ढोकीला नेली, बार्शीला नाही.

लेवीच्या गोदामातला कारकून चक्रावला. इतक्या वर्षांत तोंड चुकवणारे त्यानं पाहिले होते, रडणारे पाहिले होते, माती कालवून आणणारे पाहिले होते. न मागता बावीस पोती आणणारा पाहिला नव्हता. त्यानं विचारलं, कुठून आणलास? आता खरं सांगावं तर सिदू खोटा पडत होता. गिरदावराच्या कागदावर पेव रिकामं होतं. हणमंतप्पा म्हणाला, माकणीला सोयरा हाय, शरणबसप्पा म्हणून, त्याच्याकडनं घेतला. कारकून म्हणाला, बाजारभावानं घेऊन सरकारला निम्म्या भावानं घालतोस? का?

का? भीतीनं घालतात ते कारकुनाला कळत होतं. कुणी हुजऱ्या साहेबाची मर्जी धरायला घालतो, तेही कळत होतं. हणमंतप्पाचं कारण त्याच्या कोणत्याही रकान्यात बसणारं नव्हतं.  कारकुनानं संशयानं बघत पावती फाडली. लेवी फेडली म्हणून मन हलकं होईल असं हणमंतप्पाला वाटलं होतं. रिकाम्या गाडीत बसून येताना ते हलकं झालं नाही. ज्याचा जीव घ्यायला निघालो त्याला काहीच पोचलं नाही; पोचलं ते सरकारला, आणि तेही खोटं बोलून.

गावाला पावतीची बातमी पटवाऱ्याकडून कळली. लोकांनी तर्क केला, हणमंतप्पा भ्याला. त्याला सरकारचा जावई म्हणायला लागले. आषाढात पुढच्या सालची आणेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, वाढून आली तेव्हा हसणं संपलं. पटवारी म्हणाला, एक माणूस एवढं घालतो म्हणजे गावात पिकतं असं वर गेलंय, मी काय करू? प्रत्येकावर दोन, कुणावर तीन पोती चढली. ज्याच्या घरात दडवायला कोपरा नव्हता, त्याच्यावरही चढलं.

श्रावणात पांढरीतली पेवं उघडायची वेळ आली. उतरायला सिदू नव्हता. पाटलानं ईटला निरोप धाडला, दोनदा धाडला. सिदूनं कळवलं, येत न्हाय. कारण दिलं नाही. मग चावडी बसली. पाटील लोडाला टेकून म्हणाला, माजलाय. गावानं मेंढरं मेल्यावर जगवलं, जागा दिली, आन् आता वक्ताला पाठ फिरवतो. महारुद्र म्हणाला, एकदा घेरी काय आली, भित्रा झाला भडवा. ठरत आलं की सिदूची वस्तीवरची जागा काढून घ्यायची आणि झोपडीची लाकडं चावडीच्या शेकोटीला आणायची.

हणमंतप्पा खांबाला टेकून बसला होता. त्याला बोलायचं नव्हतं. ज्याला ही गोष्ट माहीत होती तो ईटला मेंढरं हाकत होता, आणि तो कधीच सांगणार नव्हता. गप्प बसलं तर जन्मभर निभलं असतं. त्याच्यापुढं हरणाबाईचं कपाळ आलं. तिला परत येऊन टेकायला जागा राहणार नाही. तो उठला.

म्हणाला, सिदू भित्रा न्हाय. त्याला घेरी आली नव्हती. पेवात बावीस पोती होती. उघडलं न्हवतंच मी. त्यानं इचारलं, वाफ गेली का, आन् म्या दोर हातात धरून खोटं बोललो. त्यानं सगळं सांगितलं. दोर ओढायला थांबलो तेही सांगितलं. तोंडातले दाणे काढून मूठ मिटली तेही सांगितलं. तो पाच श्वासांतला विचार तेवढा नाही सांगता आला. मग मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटलं, आता कुणीतरी उठेल. थुंकेल, पायताण मारेल, गावाबाहेर काढा म्हणेल. त्याला ते हवं होतं. मार पडला असता तर बरं झालं असतं.

कुणी उठलं नाही. पाटलानं पानाची पिंक टाकली.

"त्यात सांगायचं काय, आप्पा?" पाटील म्हणाला. "दगड काढल्या काढल्या वास आला की समद्यांला. आमाला काय नाक न्हाय व्हय?"

हणमंतप्पानं मान वर केली. गोठ्यात त्या दिवशी मागं सरलेले सगळे तिथंच बसले होते. महारुद्र पायाचा अंगठा चोळत होता. पटवारी कागद लावत होता. कुणाच्या चेहऱ्यावर काही नवं कळल्याचं दिसलं नाही. सिदूला आत जाताना सगळ्यांनी बघितलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. बाभळीखाली सिदू बोलला होता ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

महारुद्र एकदम भानावर आल्यासारखा झाला.

"थांब थांब. म्हंजी ढोकीला घातलास तो ह्यो जोंधळा? माकणीचा न्हवं?" त्याचा आवाज चढला. "जित्या माणसाला मरणाच्या दारात धाडून वाचवलेला जोंधळा तू लेवीला घातलास? फुकट? आन् त्यापायी आमच्यावर दोन-दोन पोती चढली?"

मग चावडी पेटली. आता सगळे एकदम बोलायला लागले, हात नाचवायला लागले. कुणी म्हणालं, ह्याच्याकडनं भरून घ्या. कुणी म्हणालं, ह्याच्या बापानं असं केलं नसतं. खोटं बोलल्याचं, दोराचं, दाण्यांचं नाव कुणी काढलं नाही. हणमंतप्पा ऐकत उभा राहिला. त्याला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

बऱ्याच वेळानं पाटलानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. म्हणाला, बरं, ऱ्हाऊ द्या सिद्याची जागा, आपल्याला काय करायचंय तिचं. पण पेवात आता उतरायचं कुणी ते बोला.

 माणसं एकमेकांकडं बघायला लागली, आणि बघता बघता प्रत्येकाची नजर आपल्यापेक्षा खालच्या माणसावर सरकायला लागली. बागाईतदाराची कोरडवाहूवाल्याकडं, कोरडवाहूवाल्याची रोजंदाराकडं. शेवटी सगळ्या नजरा चावडीबाहेर पायरीखाली काठी धरून उभ्या असलेल्या येसकरावर, वेशीच्या राखणदारावर, जाऊन थांबल्या. त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

हणमंतप्पाही त्याच्याकडंच बघत होता.